बाथरूमचा रंग ठरवताना: पहिल्यांदाच काम काढणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

टाइल्सच्या दुकानात पहिल्यांदा गेलेल्या माणसाला तासाभरात काहीच ठरवता येत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो. गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांतून येणाऱ्या मालाचे इतके रंग आणि इतके पोत समोर मांडलेले असतात, की अखेर ‘सध्या हेच चालते’ या दुकानदाराच्या वाक्यावर निवड होऊन जाते. चालणारा रंग घेण्यात गैर काही नाही. अडचण काळाची आहे. पॅन्टोन ही अमेरिकी रंगसंस्था दरवर्षी एक रंग ‘वर्षाचा रंग’ म्हणून जाहीर करते. २०२३ साली तो भडक किरमिजी होता, २०२४ साली पीचसारखा फिकट केशरी-गुलाबी आणि २०२५ साली कॉफीसारखा मऊ तपकिरी. टाइल मात्र एकदा बसली, की पंधरा-वीस वर्षे भिंतीवरून हलत नाही. ती फोडून काढायची म्हटली तर सोसायटीची परवानगी घ्यावी लागते, खालचे वॉटरप्रूफिंग दुखावण्याची भीती असते आणि खालच्या मजल्यावर ओल उतरली तर तो खर्चही आपल्याच माथी येतो.

म्हणून या लेखातील सर्व पायऱ्या एका नियमावर उभ्या आहेत. जे भिंतीत आणि जमिनीत पक्के बसते, त्याचा रंग आपल्याकडचे पाणी आणि उजेड पाहून ठरवावा; नव्या रंगांची हौस मात्र स्क्रूने निघणाऱ्या किंवा ब्रशने बदलणाऱ्या वस्तूंवर मनसोक्त करावी.

पहिली पायरी: घरात कोणते पाणी येते ते पाहा

रंगाच्या लेखाची सुरुवात पाण्याने व्हावी हे विचित्र वाटेल, पण बाथरूमचा रंग वर्षभरानंतर कसा दिसेल हे बहुतांशी पाणीच ठरवते. मुंबईत तानसा, भातसा, वैतरणा या तलावांचे आणि पुण्यात खडकवासल्याचे पाणी नळाला येते. ते धरणाचे, तुलनेने मऊ पाणी असते आणि सुकल्यावर फारसे डाग ठेवत नाही. त्याच शहरांच्या कडेला वाढलेल्या वसाहतींत बोअरवेलवर किंवा टँकरवर भागवावे लागते. मराठवाड्यातल्या अनेक गावांत तर बोअरवेलवाचून इलाज नाही. जमिनीखालच्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते. थेंब सुकला की क्षार मागे राहतो आणि त्याची पांढरी पुटे चढत जातात.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा, म्हणजे या क्षारांचे प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. आपल्या पाण्याचा आकडा सोसायटीच्या पाणी तपासणी अहवालात सापडतो. अहवाल नसेल तर जुन्या नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला किंवा गीझरच्या कॉइलवर जमलेले पांढरे पाहिले तरी अंदाज येतो. असे पाणी असेल, तर काळ्या, गडद निळ्या आणि गडद राखाडी चकचकीत टाइल्स मनातून काढून टाकाव्यात, कारण त्यांच्यावरचा प्रत्येक ओघळ दिसतो आणि रोज पुसल्याशिवाय त्या स्वच्छ भासत नाहीत. वाळूचा, बिस्किटी, फिकट राखाडी-तपकिरी किंवा दगडासारखा शिरा-ठिपक्यांचा रंग क्षाराला पोटात घेतो.

पाण्यात लोह असेल तर हिशेब उलटा होतो. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेले की पांढऱ्या पृष्ठभागावर पिवळट-तांबूस ओघळ उमटू लागतात. अशा घरात पांढरीशुभ्र जमीन आणि पांढरे सांधे त्रासदायक ठरतात, तर गेरूच्या, विटेच्या किंवा मातकट छटा निभावून नेतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात पायाला लागून येणारी लाल माती याच कारणासाठी ध्यानात ठेवावी लागते, विशेषतः बाथरूम मागच्या अंगणाकडे उघडत असेल तर.

दुसरी पायरी: उजेड कुठून येतो ते पाहा

आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या अरुंद उभ्या मोकळ्या जागेत, उघडते. तिथून येणारा उजेड थोडा आणि राखाडी असतो, आणि समोरच्या भिंतीवर शेवाळ असेल तर त्याला हिरवट झाकही येते. म्हणजे अशा बाथरूमचा खरा उजेड हा दिव्याचाच उजेड असतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनमध्ये एक आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० हा पिवळसर, ४००० हा मधला आणि ६५०० हा निळसर पांढरा. घरात सवयीने ६५००चाच दिवा लावला जातो. त्याच्याखाली बिस्किटी रंग मळकट दिसतो, गेरू काळवंडतो आणि राखाडी टाइल दवाखान्यासारखी थंड भासते. मातीच्या रंगांची निवड करणार असाल तर ३००० ते ४००० केल्व्हिनचा दिवा घ्यावा. खोक्यावर सीआरआय हाही आकडा असतो. तो ९०च्या आसपास असेल तर रंग खरे दिसतात.

दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली केलेली निवड घरी फसते ती याच कारणाने. म्हणून पसंत पडलेल्या दोन-तीन टाइल्सचे एकेक नग नमुन्यासाठी मागून घरी आणावेत. अनामत ठेवून बरेच दुकानदार ते देतात. नमुना जमिनीवर ठेवून न पाहता ज्या भिंतीवर लावायचा आहे तिथे उभा धरावा, सकाळी आणि रात्री पाहावा, आणि त्यावर पाणी शिंपडून सुकू द्यावे. आरशासमोर लागणाऱ्या टाइलची आणखी एक परीक्षा करावी. ती चेहऱ्याशेजारी धरून आरशात पाहावे. हिरव्या आणि निळ्या भिंतीवरून परतणारा प्रकाश चेहरा फिका दाखवतो, तर फिकट गुलाबी, पीच आणि वाळूचा रंग त्याला ऊब देतो. रोज सकाळी दाढी करताना किंवा कुंकू लावताना हा फरक जाणवतो.

तिसरी पायरी: चालू रंग समजून घ्या

आजचे रंग कुठून आले हे कळले, की त्यांतले टिकाऊ काय ते ओळखणे सोपे जाते. पांढऱ्या बाथरूमची चाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जंतूंविषयीचे ज्ञान पसरू लागले तेव्हा युरोप-अमेरिकेत रूढ झाली. मळ लगेच दिसावा हाच तिचा हेतू होता. पुढे अमेरिकेत १९५०च्या दशकात गुलाबी आणि १९७०च्या दशकात गडद अव्होकाडो हिरवी बाथरूमे आली आणि मागाहून हजारोंनी फोडली गेली. आपल्याकडे शहाबादी फरशी आणि कमरेइतक्या पांढऱ्या सहा इंची टाइल्स हे कितीतरी वर्षे पुरेसे होते. मग फिकट गुलाबी, आकाशी आणि पिस्ता रंगांचे कमोड-बेसिन आले. त्यानंतर आली खाली गडद, वर फिकट आणि मध्ये फुलांचा किंवा लाटांचा पट्टा ही जोडी, जिला दुकानात अजूनही ‘डार्क-लाईट-हायलायटर’ म्हणतात. नंतर सिमेंटसारखा राखाडी आणि पांढऱ्या संगमरवराचा आभास देणाऱ्या मोठ्या टाइल्स घरोघरी लागल्या.

आता ओढ उबदार रंगांकडे आहे. थंड राखाडीची जागा राखाडी आणि बिस्किटी यांच्या मधल्या छटेने घेतली आहे. त्याबरोबर गेरू, टेराकोटा, धुरकट हिरवा, शेवाळी आणि मातकट गुलाबी हे रंग आले आहेत, आणि चकाकीऐवजी मॅट पोत मागितला जातो. मोझाइकची फरशी टेराझो या नावाने परतली आहे. जुन्या घरांतल्या नक्षीदार सिमेंट टाइल्स, ज्या मुंबईत १९२२ साली सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग्जसारख्या कारखान्यांनी घडवल्या, त्यांची नक्षी आता सिरॅमिकवर छापून मिळते. बाथरूमसाठी ही छापील आवृत्तीच सोयीची आहे, कारण मूळ सिमेंट टाइल पाणी आणि तेल शोषते आणि तिला वेळोवेळी सीलर, म्हणजे छिद्रे बुजवणारा थर, लावावा लागतो.

माझे मत स्पष्ट सांगतो. बिस्किटी-वाळू-दगड ही छटांची मालिका मोठ्या क्षेत्रासाठी निर्धास्तपणे घ्यावी, कारण ती कोणत्याही दशकाची खूण नाही. दगड आणि माती कधी जुनी दिसत नाहीत. धुरकट हिरवा एका भिंतीवर सुंदर दिसतो आणि पांढऱ्या कमोड-बेसिनबरोबर शांत वाटतो, पण चारही भिंतींवर तो लावू नये. फिकट भिंतींमध्ये सारखा उठून दिसणारा हायलायटर पट्टा मात्र आता कुणी लावू नये असेच मला वाटते. पट्टा खोलीला मधोमध कापतो, छत बुटके दाखवतो, आणि त्यातली एक टाइल फुटली तर पाच वर्षांनी तोच नमुना मिळत नाही.

चौथी पायरी: रंगांची वाटणी करा

एका कागदावर चारही भिंती आणि जमीन काढा आणि तीनच रंग वापरा. मुख्य रंग तीन भिंतींचा. दुसरा जमिनीचा, शक्यतो त्याच कुळातला पण एक-दोन छटा गडद. तिसरा, ज्याला बोलका रंग म्हणता येईल, तो एका भिंतीचा. ही भिंत दार उघडताच समोर येणारी किंवा बेसिनमागची असावी. शॉवरची भिंत यासाठी निवडू नये, कारण तिथेच सर्वात जास्त पाणी आणि साबण उडतो.

जमिनीच्या रंगाचा विचार सौंदर्याच्या आधी सुरक्षिततेने करावा. जमिनीची टाइल मॅटच हवी, आणि घसरण्याला विरोध दाखवणाऱ्या आर मापनात किमान आर १० असावी. दिवाळीत अभ्यंगस्नानाचे तेल आणि उटणे सांडते तेव्हा चकचकीत फरशीवर पाय ठरत नाही. रंग अगदी गडद असू नये. काळ्या जमिनीवर साबणाचे पाणी दिसत नाही, आणि गावाकडच्या घरात विंचूही दिसत नाही.

घरात वयस्क माणसे असतील तर एक गोष्ट मुद्दाम करावी. पांढऱ्या भिंतीपुढे, पांढऱ्या जमिनीवर पांढरे कमोड असले की मंद नजरेला त्याची कड कळत नाही, आणि बसताना तोल जातो. कमोडमागची भिंत आणि भोवतीची जमीन त्याच्याहून ठळकपणे गडद ठेवावी. आधाराचे दांडे भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचे असावेत आणि उंबऱ्याची किंवा पायरीची कड वेगळ्या पट्टीने दाखवावी. रंगकंपन्यांच्या पत्रकांवर प्रकाश परावर्तनाचा एलआरव्ही हा आकडा असतो, त्यात काळा ० आणि पांढरा १००. शेजारच्या दोन पृष्ठभागांत किमान ३०चा फरक असावा असा संकेत वापरला जातो. सर्व काही एकाच मंद छटेत ठेवण्याची आजची आवड छायाचित्रात मोहक दिसते, पण आजी-आजोबांच्या बाथरूममध्ये ती धोक्याची आहे.

कमोड आणि बेसिन पांढरेच घ्यावे. रंगीत कमोडचे झाकण किंवा टाकी बिघडली की त्या छटेचा भाग पुढे मिळत नाही, आणि पिस्ता कमोडवर पांढरे झाकण बसवलेली बाथरूमे आजही जुन्या इमारतींत दिसतात. टेबलटॉप बेसिन मात्र हवे तर रंगीत घ्या. ते दोन जोडण्या सोडवून बदलता येते.

हौसेची खरी जागा टाइल्सच्या वर असते. पुष्कळ घरांत टाइल्स दाराच्या उंचीइतक्या, म्हणजे सात फुटांपर्यंत लागतात आणि त्यावर छतापर्यंत रंगवलेला पट्टा राहतो. तिथे वर्षाचा कोणताही रंग लावा. तीन-चार वर्षांनी तो एका दिवसात बदलता येतो. तिथे डिस्टेंपर वापरू नये, वाफेने त्याचे पापुद्रे सुटतात. बुरशीरोधक अॅक्रिलिक इमल्शन घ्यावे आणि भिंतीत ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा. दाराचा लॅमिनेट, आरशाची चौकट, कपाटाची झडप, टॉवेल, बादली-तांब्या हे सारे याच बदलत्या गटातले आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर एवढीच मोकळीक असते, आणि नीट वापरली तर ती पुरते.

पाचवी पायरी: सांध्यांचा रंग विसरू नका

टाइल निवडण्यात आठवडे जातात आणि ग्राउटचा, म्हणजे सांध्यांत भरायच्या मसाल्याचा, रंग मिस्त्री ऐनवेळी विचारतो, तेव्हा तोंडातून ‘पांढरा’ निघून जातो. जमिनीवर पांढरा सांधा काही महिन्यांतच पिवळा किंवा काळा पडतो. मेंदी, हळद आणि केसांचा रंग त्यात मुरतो. जमिनीला टाइलपेक्षा किंचित गडद सांधा ठेवावा. भिंतीवर टाइलच्याच छटेचा सांधा लावला की भिंत सलग दिसते आणि लहान खोली मोकळी वाटते. पांढऱ्या टाइलला काळा सांधा ही सध्याची आवडती जोडी आहे, पण त्यात प्रत्येक रेघ ठळक होते. मिस्त्रीचा हात कितीही चांगला असला तरी दोन मिलिमीटरची चूकही डोळ्यात भरते.

ओल्या भागात सिमेंटच्या ग्राउटऐवजी इपॉक्सी ग्राउट वापरावे. ते महाग पडते, पण पाणी आणि डाग शोषत नाही, त्यामुळे रंग टिकतो. ते भरल्यावर टाइलवर राहिलेला थर त्याच वेळी पुसला गेला पाहिजे. मॅट गडद टाइलवर सुकलेला थर नंतर निघता निघत नाही. सिमेंटचे ग्राउट ओले असताना गडद दिसते आणि सुकल्यावर फिकट होते, म्हणून दोन फुटक्या तुकड्यांमध्ये थोडे भरून, एक दिवस सुकवून मग होकार द्यावा.

सहावी पायरी: नळ आणि शॉवरचा रंग

मॅट काळा, घासलेल्या सोन्यासारखा, तांबूस सोनेरी आणि बंदुकीच्या धातूसारखा करडा असे नळांचे रंग आता सर्वत्र मिळतात. त्यांचा टिकाऊपणा रंगापेक्षा तो कसा चढवला आहे यावर ठरतो. पीव्हीडी पद्धतीत निर्वात कक्षात धातूच्या वाफेचा कठीण थर चढतो आणि तो वर्षानुवर्षे राहतो. नुसत्या रंगाचा थर कडेने उडू लागतो. खरेदी करताना हे स्पष्ट विचारावे आणि बिलावर वॉरंटीत ‘फिनिश’चा उल्लेख आहे का ते पाहावे. क्षाराचे पाणी येणाऱ्या घरात काळा नळ पांढरा पडतो. तिथे घासलेल्या स्टीलचा पोत उत्तम, आणि साधा क्रोमही चालतो, कारण तो कापडाच्या एका हाताने उजळतो.

भिंतीत गाडला जाणारा डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा भाग, हा अर्धा पक्का आणि अर्धा बदलता येणारा भाग आहे. त्याचे शरीर भिंतीत राहते आणि बाहेरची तबकडी व दांडा बदलता येतो, पण तो त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला असावा लागतो. म्हणून ज्या मालिकेत क्रोमसकट अनेक रंग मिळतात, तीच घ्यावी. खोलीत दोनपेक्षा जास्त धातूंचे रंग नसावेत; जाळी, बिजागऱ्या आणि हेल्थ फॉसेट, म्हणजे कमोडशेजारचा हातातला फवारा, हेही मोजायला विसरू नये.

सातवी पायरी: मोजमाप आणि खरेदी

चार फूट रुंद, सात फूट लांब बाथरूम धरू. परिमिती २२ फूट, टाइल्सची उंची ७ फूट, म्हणून भिंतींचे क्षेत्र १५४ चौरस फूट. अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा केले की साधारण १३६ उरतात. कापण्यात आणि फुटण्यात जाणारे १० टक्के मिळवले की १५० चौरस फूट, म्हणजे एक फूट बाय दोन फुटांच्या ७५ टाइल्स. बोलकी भिंत यातून वेगळी मोजावी. जमीन २८ चौरस फूट, १० टक्क्यांसह ३१.

प्रत्येक पेटीवर बॅचचा आणि छटेचा क्रमांक छापलेला असतो. एकाच नावाची टाइल दोन बॅचमध्ये किंचित वेगळी भाजली जाते, आणि भिंतीवर शेजारी बसली की तो फरक उघड होतो. सर्व माल एकाच वेळी, एकाच बॅचचा घ्यावा आणि उतरवून घेताना प्रत्येक पेटीवरचा क्रमांक स्वतः वाचावा. शिरा असलेल्या किंवा दगडी नमुन्याच्या टाइल्स लावण्याआधी जमिनीवर मांडून पाहाव्यात, म्हणजे एकाच चित्राच्या दोन टाइल्स शेजारी येत नाहीत.

आठवी पायरी: काम झाल्यावर रंग राखणे

बाथरूम साफ करायला बाजारात सुटे मिळणारे अॅसिड वापरण्याची सवय अनेक घरांत आहे. ते सिमेंटचे सांधे खाते, नळांचा रंग उडवते आणि टाइलची झळाळी घालवते. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड असल्याने त्यांच्यावर तर ते कधीच ओतू नये. सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा असतो. आंघोळीनंतर भिंतीवरून एकदा वायपर फिरवला आणि एक्झॉस्ट फॅन थोडा वेळ चालू ठेवला, तर क्षार आणि बुरशी दोन्ही आटोक्यात राहतात.

उरलेल्या टाइल्सपैकी प्रत्येक प्रकारच्या पाच-सहा माळ्यावर ठेवाव्यात, कारण पुढे नळजोडणी दुरुस्त करताना त्याच कामी येतात. टाइलचा बॅच क्रमांक, ग्राउटची कंपनी आणि छटा, वरच्या पट्ट्याच्या रंगाचा कोड आणि टाइल्स लावण्यापूर्वी घेतलेले पाइपलाइनचे फोटो हे सारे घराच्या फायलीत एकत्र लावून ठेवावे.